दहावीला क्लास लावलाच पाहिजे का?

मृगाचा पाऊस वेळेवर पडो न पडो, जून उजाडला की आमच्या भागात एक पीक हमखास उगवते. ते म्हणजे क्लासच्या जाहिरातींचे. एस. टी. स्टँडच्या पत्र्याच्या शेडला, दूध डेअरीच्या भिंतीला, अगदी सोसायटीच्या खतगोदामाच्या दारालासुद्धा मोठमोठे फलक लागतात. त्यांवर पंधरा-वीस मुलामुलींचे हसरे फोटो आणि प्रत्येकाखाली नव्वदच्या पुढचे टक्के. दहावीत गेलेल्या पोराचा बाप सकाळी डेअरीवर दूध घालायला जातो, तो हा फलक वाचूनच परत येतो आणि घरी पोहोचेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच हिशेब घोळत राहतो, की पैसे आणायचे कुठून?

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या वस्तीवरचे एक शेतकरी असाच हिशेब घेऊन संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. पाणी प्याले, पावसाचे बोलले आणि मग हळूच म्हणाले, "गुरुजी, गाय काढावी म्हणतो."

"का हो, आटली का?"

"आटली न्हाय. सकाळ-संध्याकाळ मिळून धा लिटर देतीया. पर पोरगी दहावीला गेली. क्लासवाले अठ्ठावीस हजार म्हणत्यात. निम्मे आत्ता, निम्मे दिवाळीला. दुसरं काय काढणार?"

वाचकहो, या गाईचा हिशेब आपल्याला सांगायला नको. दहा लिटर दूध, त्यातून पेंड, भुसा, डॉक्टर वजा जाता जे काही उरते त्यावर त्या घरातले मीठमिरची, औषधपाणी आणि पोरांच्या वह्या चालतात. बाकीची दोन एकर जिरायत. म्हणजे गाय विकायची तर घराचा रोजचा बाजार विकायचा. आणि एवढे करून त्यांचा प्रश्न साधाच होता, "क्लासबिगर पोरगी निघंल का, तेवढं सांगा."

मी तीस वर्षे खेड्यातल्या हायस्कुलात गणित शिकवले. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत घरी चार मुलांची शिकवणीही घेतली, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा जे दिसले ते मला पुढे कायम सलत राहिले. माझ्या शिकवणीला येणारी मुले बहुतेक अशी होती, की ती शिकवणी नसती तरी पास झालीच असती. त्यांच्या घरी दिवा होता, टेबल होते, बाप पगारदार होता. ज्या मुलांना खरोखरच कोणीतरी हात धरून शिकवायला हवे होते, ती मुले त्या वेळी माझ्या दारावरून गुरे घेऊन जात असत. म्हणून आमच्या शेजाऱ्यांना "लावा" किंवा "नका लावू" असे झटकन सांगण्याचे मला धाडस झाले नाही. "उद्या पोरीला घेऊन या," एवढेच म्हणालो.

आता प्रथम ही परीक्षा काय मागते ते पाहू. आपल्या राज्याचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ पासून अस्तित्वात आहे. पूर्वी अकरावीची मॅट्रिक असे. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि तेव्हापासून ही 'दहावी' आपल्या घराघरांत येऊन बसली. सध्याच्या पद्धतीत बहुतेक विषयांना ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेने द्यावयाचे, तोंडी, प्रात्यक्षिक किंवा स्वाध्यायाचे. गणिताचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांचे. विज्ञानाचेही तसेच. उत्तीर्ण होण्यास शंभरात ३५. टक्केवारी काढताना सहापैकी ज्या पाच विषयांत जास्त गुण असतील ते धरतात.

हे २० गुण दिसायला लहान आहेत, पण त्यांची ताकद २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी गुण काढून टाकले आणि निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. घरोघर रडारड झाली. मग २० गुण परत दिले गेले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले, हेही ध्यानात धरावे.) आता मला सांगा, २०१९ साली महाराष्ट्रातले क्लास बंद होते काय? फलक तेवढेच होते, फी तेवढीच होती, शिकवणारे तेच होते. तरी बारा टक्के मुले घसरली. म्हणजे पोर पास होते ते क्लासमुळेच, ही समजूत तपासून घ्यायला हवी. २०२५ च्या परीक्षेत राज्यातली शंभरातली चौऱ्याण्णव मुले उत्तीर्ण झाली. त्याच साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने देशभर पाहणी केली, तीत खाजगी शिकवणी लावणारे विद्यार्थी सुमारे २७ टक्के आढळले. खेड्यात चारातला एक, शहरात थोडे जास्त. पाहणी सगळ्या देशाची आणि सगळ्या इयत्तांची आहे, त्यामुळे दोन्ही आकडे जोडून गणित मांडता यायचे नाही. पण आपल्याला वाटते तसे 'सगळेच लावतात' हे काही खरे नव्हे.

आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट. विभागवार निकालात कोकण विभाग, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, वर्षानुवर्षे पहिला येतो. डोंगरदऱ्या, विखुरलेल्या वाड्या, पायवाटेने शाळा. तिथली सगळी पोरे क्लासला जाऊन हा निकाल आणतात असे कोण म्हणेल?

फलकावरच्या फोटोंबद्दलही दोन शब्द. शेतकऱ्याने बियाण्याच्या पिशवीवरचे कणीस पाहून बियाणे घ्यायचे नसते, हे आपण ठेच खाऊन शिकलो आहोत. तो उगवण किती ते विचारतो. मग इथे का विचारू नये? फलकावर वीस फोटो आहेत, वर्गात मुले किती होती? दोनशे असतील तर उरलेल्या एकशे ऐंशीचे काय झाले? एकाच मुलीचा फोटो दोन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर मी स्वतः पाहिला आहे, आणि ती मुलगी आठवीपर्यंत शाळेत पहिलीच येत होती. हुशार पोर कोणत्याही फलकावर शोभून दिसते.

लोक मला लातूरचे उदाहरण देतात. लातूरच्या मुलांनी गेल्या शतकाच्या अखेरीस बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत मुंबई-पुण्याला मागे टाकले, ही गोष्ट खरी आणि अभिमानाची. पण 'लातूर पॅटर्न' जन्मला तो कॉलेजांच्या आतच. तिथल्याच प्राध्यापकांनी जादा तास घेतले, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घेतल्या, चुका दाखवून परत सोडवून घेतल्या. खाजगी क्लासची बाजारपेठ त्या नावलौकिकावर मागाहून उभी राहिली. आपण मागून आलेली गोष्ट तेवढी उचलली आणि मूळची सोडली.

असो. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. अंगाने बारीक, बोलायला तयार नाही. मी तिला दहावीचे काहीच विचारले नाही. पाटीवर पाच लहान उदाहरणे दिली. पाऊण अधिक दोन तृतीयांश किती? उणे सातातून पाच वजा केले तर? दोनशे चाळीसचे पंधरा टक्के? अशी. टक्के तिने झटकन काढले, डेअरीचा हिशेब तीच ठेवते. पण पाऊण आणि दोन तृतीयांशांची बेरीज तिने पाच सप्तमांश लिहिली. वरचे वर मिळवले, खालचे खाली. आणि उणे सातातून पाच गेले तर उणे दोन!

आता हा आजार दहावीचा नव्हे, सहावी-सातवीचा आहे. आणि माझ्या अनुभवाने, खेड्यातली गणितात नापास होणारी दहापैकी सात-आठ मुले याच ठिकाणी अडलेली असतात. वर्गसमीकरण त्यांना येत नाही याचे कारण वर्गसमीकरण अवघड आहे हे नसून उणे चिन्ह आणि अपूर्णांक कच्चे आहेत हे असते. तालुक्याच्या क्लासमध्ये साठ-सत्तर मुले बसतात. तिथला शिक्षक कितीही चांगला असो, तो जूनमध्ये दहावीचा पहिला धडा सुरू करणार. त्याला आमच्या पोरीचे पाच सप्तमांश कधीच दिसायचे नाहीत. ती मागच्या बाकावर बसून फळा वहीत उतरवून घेईल, वही सुंदर होईल, आणि बापाला वाटेल पोरगी शिकते आहे. पायाची दरड ढासळलेली असताना विहिरीवर नवी मोटर बसवण्यापैकी हे आहे.

मग मी तिला तिचा दिवस विचारला. पाचला उठायचे, शेणघाण, झाडलोट, आई धार काढते तोवर भाकऱ्या. साडेदहाची शाळा, तीन किलोमीटर चालत. पावणेसहाला परत. मग पाणी, वैरण, धाकट्या भावाचे आवरणे, स्वयंपाक, भांडी. पुस्तक हातात येते ते सव्वानऊला आणि दहाला डोळे मिटतात. क्लास साडेपाच ते साडेसात. शाळेतून परस्पर तालुक्याला जायचे आणि आठच्या शेवटच्या गाडीने यायचे. म्हणजे घरी पावणेनऊ. शाळेत जाण्यायेण्याचा मुलींचा पास एस. टी. फुकट देते, पण त्या वेळेला गाडीच एक, तीही आली तर. पावसाळ्यात फाट्यावरून वस्तीपर्यंत अंधारातून एकटी पोर.

"मग क्लासला जाशील का?" असे विचारले, तर बराच वेळ खाली मान घालून बसली. शेवटी म्हणाली, "क्लास नको गुरुजी. रात्रीची भांडी नकोत."

बाप गाय विकायला निघाला होता आणि पोरीला हवे होते दोन तास! हे दोन तास घरातच होते. फक्त ते तिच्या नावावर नव्हते. त्याच घरात बारावी झालेला थोरला भाऊ संध्याकाळी पारावर बसून मोबाइल पाहत असे. त्याला दोन वर्षांपूर्वी क्लास लावला होता बरे का, तेव्हा घरच्यांनी कोणाला विचारले नव्हते. ही गोष्ट त्यांच्या एकट्याच्या घरातली नाही. पैसा एकापुरताच असला की तो मुलाकडे वळतो, आणि काम दोघांपुरते असले की ते मुलीकडे वळते.

तिच्या आईशी बोलणे झाले. मला वाटले होते ती माऊली चिडेल. ती म्हणाली, "मी कवाधरनं सांगतीया, पर माझं कोण ऐकतंय?" भावाने आधी तोंड वाकडे केले, मग संध्याकाळची वैरण आणि शेण त्याच्याकडे गेले. भांडी आईने आणि त्याने वाटून घेतली. पहिले आठ दिवस गावात थट्टा झाली, नवव्या दिवशी लोक विसरले.

राहिला कच्च्या गणिताचा प्रश्न. ते काही आपोआप सुधारत नाही. इथे मदत लागतेच, आणि तिला शिकवणी म्हणायचे तर म्हणा. आमच्या वस्तीवरचे पाच पालक मिळून शाळेत गेले. भांडायला नव्हे, विचारायला. पाच-सहा मुलांचा अपूर्णांक आणि चिन्हांचा पाया शाळा भरण्याआधी अर्धा तास घ्याल का, असे त्यांनी गणिताच्या शिक्षकांना विचारले. शिक्षक तरुण होते. त्यांनी दीड महिना घेतला, एक पैसा न घेता. सगळीकडे असे होईल असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी वर्गात निम्मे सांगायचे आणि निम्मे घरच्या शिकवणीसाठी राखून ठेवायचे, असले धंदे चालतात हे मला माहीत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकाला खाजगी शिकवणी घेण्यास मनाई केलेली आहे, हे पालकांना ठाऊक असले म्हणजे पुरे. शिक्षक-पालक संघाच्या सभेला आपण जात नाही आणि क्लासवाल्याच्या दारात मात्र तासभर उभे राहतो.

पुढच्या अभ्यासाला बालभारतीचे पुस्तक हेच खरे भांडवल. २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणात सरावसंच आहेत आणि शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह आहे. ही सगळी उदाहरणे ज्याने स्वतःच्या हाताने दोनदा सोडवली, तो गणितात नापास झालेला मी तरी पाहिलेला नाही. पुस्तक हरवले, फाटले तरी बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळते. मोबाइलचा एवढा तरी उपयोग करावा. त्याच पुस्तकात अर्थनियोजन नावाचे प्रकरण आहे, त्यात जीएसटीचा हिशेब येतो. आमच्या शेजाऱ्यांनी खताच्या दुकानातल्या पावत्या लेकीपुढे टाकल्या आणि त्यावरचे सीजीएसटी, एसजीएसटी म्हणजे काय ते तिच्याकडूनच समजून घेतले. बापाला शिकवताना पोरीचे ते प्रकरण जे पक्के झाले ते झाले. इंग्रजीसाठी रोज एक पान मोठ्याने वाचणे आणि पाच ओळी मनाने लिहिणे, एवढेच तिला सांगितले होते. दिवाळीनंतर जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या. गणिताच्या ४० गुणांच्या भागाला दोन तास, भाषेच्या ८० गुणांना तीन. खेड्यातल्या मुलांना उत्तर येत असते पण वेळ पुरत नाही, कारण तीन तास सलग बसून लिहिण्याची त्यांना सवयच नसते. ही सवय फीने मिळत नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून गावाने ठरवून एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल दीड तास बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, साडेआठला पुन्हा भोंगा. वर्तमानपत्रांतून ही बातमी सगळ्यांनी वाचली आणि कौतुक केले. आमच्या गावात मी सुचवून पाहिले, तर "मालिका साडेसातला असते" असे उत्तर आले. असो, आमचेही दिवस येतील.

मग क्लास कोणी लावूच नये काय? तसे नाही. ज्या शाळेत गणित-विज्ञानाला वर्षभर शिक्षकच नाही, तिथल्या पालकाने काय करावे? त्याला मी कोणत्या तोंडाने थांबवू? त्याने जिल्हा परिषदेत, संस्थेत शिक्षकासाठी तगादा लावावा, पण पोराचे वर्ष तोवर थांबत नाही. अशा वेळी चार घरांनी मिळून गावातल्याच एखाद्या बी. एस्सी. झालेल्या मुलीला वर्षभर धरावे. तिलाही चार पैसे मिळतात आणि मुले अंधारात फाट्यावर उभी राहत नाहीत. ज्याच्या घरी खरोखरच वेळ, जागा, शांतता काहीच मिळणे शक्य नाही, त्याला क्लासची खोली हीच अभ्यासिका ठरते, तेही मी पाहिले आहे. लावायचाच असेल तर सगळी फी एकदम भरू नये, पावती घ्यावी आणि आठ दिवस मुलाला बसवून पाहावे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये क्लासबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि मधेच सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत करावी असे म्हटले आहे. सूचनाच त्या, कायद्याचा जोर त्यांना राज्यांनी द्यावयाचा आहे. पण परतीचे बोलणे पैसे देण्याआधी करावे, नंतर कोणी ऐकत नाही.

आणखी एक, क्लासपेक्षा महत्त्वाचे. २०२५ ची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. पूर्वी ती मार्चमध्ये असे. आता ती हरभऱ्याच्या काढणीत आणि उसाच्या तोडीत येते. जानेवारीपासून दहावीचे पोर शेतात न्यायचे नाही, हा खर्च घराने धरून ठेवावा. आमच्या शेजाऱ्यांनी त्या साली हरभरा काढायला दोन बायका रोजाने लावल्या. गाईच्या मानाने तो खर्च काहीच नव्हता.

मे महिन्यात निकाल लागला. मुलीला ७६ टक्के पडले, गणितात ६३. वस्तीवरच्याच एका मुलाने तालुक्याचा क्लास केला होता, त्याला ८१ पडले. तो पहिल्यापासून तिच्यापेक्षा पुढेच होता, आणि क्लास नसता तर किती पडले असते हे कोणी सांगू शकत नाही. दोन्ही घरचे पेढे मी खाल्ले. ज्या मुलीने पाच सप्तमांश लिहिले होते तिला ६३ पडले, यावर मी खूश आहे. तिचा बाप मात्र "क्लास लावला असता तर ऐंशी पडले असते का?" असे अजून अधूनमधून विचारतो.

गाय दावणीला आहे. मुलगी विज्ञान शाखेला गेली आणि आता नर्सिंगचे म्हणते आहे. त्यासाठीच्या प्रवेश परीक्षा, त्यांचे क्लास आणि त्यांची फी हे प्रकरण दहावीपेक्षा पुष्कळ वेगळे आहे. तिथे माझ्या पाटीवरच्या पाच उदाहरणांनी भागत नाही. परवा तिचे वडील पुन्हा ओट्यावर येऊन बसले होते. पाणी प्याले, पावसाचे बोलले.